आमटीवरचा संशय

लग्न होऊन मी बदलापूरला मांजर्लीत आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चांगला होता. पुढं तो दुखायला लागला आणि त्याचं खापर माझ्या स्वयंपाकावर फुटलं, म्हणून हे आधी सांगते. सासूबाई तर कुणालाही सांगताना तिथूनच सुरुवात करायच्या, की ही घरात यायच्या आधी यांना काही म्हणजे काही नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सासरे नुकतेच अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. मूळचे महाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, पण सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. तयार झालेला प्रत्येक पार्ट हातात घ्यायचा, गेज लावून माप बघायचं आणि पास किंवा नापास म्हणायचं. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी वेगळा कसा वागेल? भाजीवालीचा काटा, दूधवाल्याचं माप, माझ्या चहाचा रंग, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. बोलायचे फार कमी. मी कात्रपच्या एका शाळेत प्राथमिकला शिकवत होते. दुपारी मी घरी आले की सासरे आधी घड्याळाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

एके दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन सुजला होता आणि अंगावरची चादर लागली तरी त्यांचा चेहरा पिळवटून निघत होता. सासूबाईंना वाटलं काहीतरी चावलं. त्यांनी आंबेहळदीचा लेप लावायला घेतला तर सासऱ्यांनी त्यांचा हात झटकला, आणि असं ते कधी करत नसत. पाच-सहा दिवसांनी सूज आपोआप उतरली आणि ते असे चालायला लागले की जणू काही झालंच नव्हतं. दीड महिन्यानं पुन्हा तेच झालं.

आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट आल्यावर ते म्हणाले की रक्तात युरिक ॲसिड वाढलंय, ते सांध्यात जाऊन बसतं. दुखेल तेव्हा घ्यायच्या गोळ्या दिल्या, रोज घ्यायची आणखी एक गोळी सुचवली आणि वर एका कागदावर पथ्य लिहून दिलं. मटण, कलेजी, सुकी मासळी, दारू बंद. तूर, मसूर, हरभरा, पालक, टोमॅटो शक्यतो टाळा.

रोजची गोळी सासऱ्यांनी घेतली नाही. ज्या गोळीला शेवट नाही त्या गोळीनं रोग बरा होत नसतो, नुसता झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं. पथ्य मात्र त्यांनी कारखान्याचा हुकूम असावा तसं पाळायचं ठरवलं. कागद स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. आणि सकाळचा स्वयंपाक मी करत असल्यामुळे पथ्य त्यांचं आणि जबाबदारी माझी, असं झालं.

तुरीची आमटी गेली, मुगाचं पातळ वरण आलं. टोमॅटो गेला, आमसूल आलं. सुकट-बोंबलाचा डबा शेजारच्या घरी गेला. कोकणातल्या माणसाच्या ताटातून सुकं गेलं म्हणजे काय झालं ते ज्याचं त्यालाच कळेल, पण त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. दुधी, पडवळ, घोसाळं, ज्वारीची भाकरी. मी यादीबाहेर पाऊल टाकलं नाही.

तरी अंगठा धरायचा राहिला नाही. उलट, आधी दीड महिन्यानं यायचा तो आता महिन्यानं यायला लागला, मग पंधरा-वीस दिवसांनी. दोनदा घोटाही सुजला.

एवढं पथ्य करून दुखणं वाढतं म्हणजे कुणीतरी पथ्य मोडतंय, हे घरात सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. कोण, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं मत होतं.

सासूबाईंचा संशय माझ्यावर होता. मी शाळेत जायच्या घाईत त्यांची मुगाची आणि आमची तुरीची अशा दोन वेगळ्या आमट्या करत नसणार, एकच करून तीच दोन पातेल्यांत ओतत असणार, असं त्यांना वाटायचं. मी डबा भरत असताना त्या हळूच झाकण उचलून वास घ्यायच्या. एकदा चमचाभर चाखून म्हणाल्या, "ही तुरीची लागते." मी मुगाचा डबा उघडून दाखवला, तर डबा बघून आमटी कशी कळेल, असं म्हणून त्या बाहेर गेल्या. जेवताना सासऱ्यांनी वरणातले दोन दाणे बोटावर घेतले आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघितले. ते बघणं मला सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. हळूहळू माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. डाळीचे डबे मी पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. वाण्यानं मुगात काही मिसळलं असेल का, म्हणून परातीत डाळ पसरून निवडत बसायचे.

माझ्या नवऱ्याचा संशय त्याच्या वडिलांवरच होता. सासरे आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला जायचे. कारखान्यात त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका सिंधी गृहस्थानं तिथं कापडाचं लहान दुकान टाकलं होतं, त्याच्याकडे बसायला. नवरा म्हणायचा, एवढा वेळ बसून दोघं काय करतात? एखादा पेग होत असेल. मी म्हटलं तसं नसावं, पण तेव्हापासून त्यांचे शर्ट धुवायला टाकण्याआधी मी नाकाशी धरायला लागले. आज हे लिहितानाही मला संकोच वाटतो. दारूचा वास कधी आला नाही. तळणीचा आणि हिंगाचा मात्र यायचा, तोही उल्हासनगरला गेलेल्या दिवशीच. मग माझ्या मनानं घेतलं की माझ्या वरणाचे दाणे उजेडात बघणारा माणूस बाहेर जाऊन हरभऱ्याच्या डाळीचं दालपकवान खातो.

त्याच सुमारास सासऱ्यांनी सोळा सोमवार धरले होते. औषधानं उतार पडत नाही तर देवाला सांगून बघू, असा विचार. अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं, बेल वाहायचा आणि संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एखाद्या सोमवारी अंगठ्यामुळं मंदिरात जाणं चुकलं की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. असे ते चार-पाच वेळा पाच-सहापर्यंत पोचून मागे आले होते. सासूबाई म्हणायच्या, देव परीक्षा बघतोय. मला सोमवार आवडायचा. त्या दिवशी माझी आमटी त्यांच्या पानात नसायची. संध्याकाळी उपास सोडायचा स्वयंपाक सासूबाई स्वतः करायच्या आणि मला हातही लावू द्यायच्या नाहीत, त्यांचं पानही त्याच वाढायच्या.

मी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून एक करायला लागले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायचो, त्याच चौकोनात अंगठा धरला त्या दिवशी लाल पेन्सिलीनं फुली मारायची. आदल्या दिवशी काय रांधलं ते मागच्या पानावर लिहायचं. म्हणजे कधी मला कुणी विचारलं तर दाखवता येईल. पण मला कुणी उघड विचारतच नव्हतं.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा ब्लाउजपीस आणायच्या निमित्तानं मी उल्हासनगरला गेले. विचारत विचारत ते दुकान शोधून काढलं. दुकानाच्या बाजूलाच पकवान तळणाऱ्याची मोठी कढई होती आणि तिचा धूर सरळ दुकानात शिरत होता. शर्टांचा वास कुठून येत होता ते मला पायरीवरच कळलं. तरीही मी आत गेले. म्हाताऱ्या दुकानदाराला मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि आतून पाणी मागवलं. दोन कापडं बघितल्यावर मी शक्य तितक्या सहज विचारलं, की बाबा इथं आले की काय खातात, डॉक्टरांचं पथ्य आहे म्हणून विचारते.

त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, तो काय खाणार? बाकी दिवशी अर्धा चाय. आणि सोमवारी मंदिरातून इथपर्यंत पैदल येतो, धूप में. सुबह से पानी की एक बूंद नहीं. मी ग्लास पुढे करतो, तो हात लावत नाही. होंठ सुखून जातात त्याचे. तुम्ही घरचे लोक काही बोलत का नाही?"

मी चोर पकडायला गेले होते आणि तिथं मलाच जाब विचारला गेला. कापड घेतलं, घरी आले. वाटेत एवढंच डोक्यात होतं की बाबा बाहेर काही खात नाहीत, आणि आता घरात संशय घ्यायला माझ्याखेरीज कुणी उरलं नाही.

संध्याकाळी दुधाचा खाडा लिहायला कॅलेंडरपाशी गेले तेव्हा त्या दुकानदाराचा सोमवार मनात होता, म्हणून नजर सोमवारच्या रांगेवर गेली. त्या रांगेत एकही फुली नव्हती. फुल्या सगळ्या तिच्या पुढच्या रांगांत. मागचे महिने उलटून बघितले. नऊ फुल्यांतल्या सात मंगळवार-बुधवारच्या होत्या. त्याआधी मी प्रत्येक फुलीच्या आदल्या दिवशी काय रांधलं ते वाचत आले होते आणि तिथं 'सोमवार, उपास' लिहिलेलं दिसलं की ते सोडून पुढं जात होते. न खाल्लेल्या दिवसावर संशय कोण घेतं?

पण मी लगेच शहाणी झाले असं नाही. आधी माझा संशय सासूबाईंच्या सोमवारच्या स्वयंपाकावर गेला. पुढच्या मंगळवारी परसात पपईच्या झाडाखाली मला वालाच्या सालींचा ओलसर ढीग सापडला, वर माती लोटलेली. म्हणजे सोमवारी रात्रीचं पान वालाच्या बिरड्याचं होतं, आणि ते माझ्यापासून लपवलं जात होतं. मी त्या साली ओंजळीत घेऊन ओट्यावर नेऊन ठेवल्या.

सासूबाई घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवसभर कोरडा राहिलेला माणूस. त्याच्या पानात दुधीचं पाणी वाढू? कागदावर वाल लिहिलेले नाहीत. मी वाचून घेतलंय त्यांच्याकडून."

म्हणजे सासऱ्यांनाही ते माहीत होतं, आणि यादीत नाव नसल्यामुळं त्यांनी वाल पास केले होते. त्या क्षणी मला इतका राग आला की रडूही आलं. सहा महिने माझ्या पातेल्यांची झाकणं उचलणाऱ्या बाईनं दर सोमवारी कडधान्य शिजवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर काढलं, गुंडाळून पिशवीत घातलं आणि एकटीच डॉक्टरांकडे गेले. वालाची गोष्ट मी जिंकल्यासारखी सांगितली. डॉक्टरांनी फुल्या बघितल्या, बोटानं एकेक मोजल्या आणि विचारलं की सोमवारी दिवसभर काय पितात. मी सांगितलं, काही नाही. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की हे ॲसिड लघवीवाटे बाहेर जातं. उन्हात चालायचं, पाणी प्यायचं नाही, पोट रिकामं ठेवायचं, म्हणजे ते बाहेर जायच्या ऐवजी रक्तात साठतं. वाटीभर वालानं एवढं होत नाही, माझ्या आमटीनं तर नाहीच. काय खाता ते त्यांनी विचारलं होतं, उपास करता का ते विचारलं नव्हतं, असंही ते म्हणाले. डॉक्टरानं असं कबूल केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

घरी हे सांगायला नवरा तयार होईना. देवाच्या गोष्टीत मी पडत नाही, म्हणाला. मग मीच सांगितलं. सासरे झोपाळ्यावर बसले होते. डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगून मी कॅलेंडर त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून पानं बघितली.

"या फुल्या कधी मारल्यास?"

"त्या त्या दिवशी, बाबा."

"सगळ्या एकाच पेन्सिलीच्या दिसतात."

"घरात लाल पेन्सिल एकच आहे."

त्यांनी कॅलेंडर परत दिलं. माझं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. आपली चूक झाकायला सुनेनं एका बैठकीत फुल्या मारल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं असणार. सासूबाई तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. उपास मोडायला लावणारी सून घरात आली, असं त्यांनी शेजारी जाऊन सांगितलं, तेही मला ऐकू येईल असं.

मीही मग पेन्सिल ठेवून दिली. ज्याचा अंगठा त्यानं बघावा, असं मनाला बजावलं.

पुढच्या दोन महिन्यांत काही गोष्टी माझ्या लक्षात आल्या, पण अर्थ लागला नाही. सासऱ्यांनी एक जुनी डायरी शोधून काढली आणि ती ते ट्रंकेत कुलपात ठेवायला लागले. एका सोमवारी देवापाशी भरून ठेवलेला तांब्या दुपारी रिकामा होता. मला वाटलं सांडला. पुढच्या सोमवारी तो भरलेलाच राहिला. त्याच्या पुढच्या सोमवारी परत रिकामा. मंदिरात जाणं चालू होतं. अंगठा मधे एकदा धरला, मग बरेच दिवस बरा होता.

एके दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाय उशीवर, अंगठा लाल, आणि चेहऱ्यावर मात्र कधी नव्हे ते समाधान. डायरी त्यांनी माझ्याकडे सरकवली. बारीक अक्षरात रकाने आखलेले होते.

"वाच. चार सोमवार पाणी पिऊन. चार सोमवार कोरडे. एकाआड एक."

पाण्याच्या चारही सोमवारांपुढं काही नव्हतं. कोरड्यांतल्या दोनांपुढं 'नापास' लिहिलं होतं. मी विचारलं, बाकीच्या दोन कोरड्यांचं काय?

"संशयित," ते म्हणाले. "एवढ्यावरून त्यांना पास करता येणार नाही. बिरडं आठही सोमवारी खाल्लंय, म्हणून त्याचा प्रश्न येत नाही."

"आणि माझी आमटी?"

"आमटीवर माझा संशय नव्हताच."

हे खोटं होतं. खिडकीच्या उजेडात धरलेले दाणे मी विसरले नव्हते. पण त्यांच्याकडून याहून जास्त काही मिळणार नाही हेही मला माहीत होतं, म्हणून मी डायरी मिटून परत दिली. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो चांगलाच चिडला. मुद्दाम दुखणं ओढवून घ्यायचं, हा कसला प्रयोग, असं म्हणाला.

पुढच्या सोमवारी सकाळी आंघोळ झाल्यावर ते सासूबाईंच्या समोर उभे राहिले आणि तांब्याभर पाणी शांतपणे प्यायले. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की मग सोळांचं काय. सासरे म्हणाले, पहिल्यापासून धरतो, पाण्यासकट. ते सोळा त्यांनी खरंच पुरे केले. मंदिरात जाताना पाण्याची बाटली पिशवीत असायची, आणि दुपारी त्या दुकानात बसले की केळं खायचे.

पण नुसत्या पाण्यानं सगळं मिटलं असं मी सांगणार नाही. दुखणं कमी झालं, गेलं नाही. पुढच्या वर्षी रक्त तपासलं तर ॲसिड वरच होतं. तेव्हा कुठं त्यांनी रोजची गोळी कबूल केली, आणि तिचीही नोंद सहा महिने डायरीत ठेवली. त्यानंतर वर्षातून एखाद्या वेळी अंगठा कुरकुरायचा तेवढाच. तूर हळूहळू परत आली, टोमॅटोही आला. सुकं मात्र रविवारी एखादा तुकडा, त्याच्यावर नाही. पाण्यानं किती, गोळीनं किती आणि खाण्यानं किती, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. सासूबाईंनी माझी माफी वगैरे मागितली नाही. पण एका सोमवारी त्यांनी वाल सोलायला माझ्यासमोर परात ठेवली आणि स्वतः दुसऱ्या बाजूला बसल्या. आम्ही दोघींनी मिळून ते सोलले.

पुढं नव्वदच्या दशकात आमच्या भागात इमारती वाढल्या आणि सासऱ्यांच्या पथ्याची गोष्टही पसरली. गुडघे धरलेले, मनगटं सुजलेली, बोटं वाकडी झालेली माणसं यादी मागायला यायची. काय सोडू तेवढं सांगा, म्हणायची. सासरे कुणालाही यादी देत नसत. तीन महिने रोज काय खाल्लं, काय प्यायलं, कधी दुखलं ते लिहा आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन या, असं सांगायचे. बहुतेक लोक परत आले नाहीत.

पलीकडच्या चाळीतल्या एक बाई मात्र आल्या, वही भरून घेऊन. गुडघ्यांनी हैराण झालेल्या. त्यांनी एकेक करून वांगी, बटाटे, दही, आंबट असं सगळं सोडलेलं होतं. अंगानं पार उतरल्या होत्या. सासऱ्यांनी दोन दिवस वही स्वतःजवळ ठेवून घेतली, पानापानावर बोट फिरवून वाचली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, "यात मला खाण्याचा काही संबंध दिसत नाही. गुडघा झिजला असेल. डॉक्टर सांगतील तसं करा, आणि वांगी खा."

बाई नाराज होऊन गेल्या. मी दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. पायरी उतरताना कठडा धरून त्या मला हळूच म्हणाल्या, की म्हाताऱ्याला खरी यादी माहीत आहे, पण तो लोकांना सांगत नाही.